इथेरियमवरील लिक्विड स्टेकिंग आणि डीफाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालील प्रश्न वाचकांकडून पुन्हा पुन्हा येत असतात. डीफाय म्हणजे बँकेशिवाय, ब्लॉकचेनवरील प्रोग्रॅममधून चालणारे कर्ज, ठेव व अदलाबदलीचे व्यवहार. उत्तरे इथेरियम या ब्लॉकचेनपुरती मर्यादित आहेत आणि उदाहरणांसाठी मुख्यतः लिडो व रॉकेट पूल या लिक्विड स्टेकिंगच्या आणि आवे या कर्जाच्या प्रोटोकॉलचा, म्हणजे अशा प्रोग्रॅमवर चालणाऱ्या सेवांचा, आधार घेतला आहे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. आकडेमोडीतील दर केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत, ते त्या दिवशीचे बाजारभाव नाहीत.

१. लिक्विड स्टेकिंग म्हणजे नेमके काय?

इथेरियमचे व्यवहार तपासून नव्या ब्लॉकमध्ये नोंदवण्याचे काम व्हॅलिडेटर करतात आणि त्यासाठी त्यांना आपले इथर, म्हणजे इथेरियमचे चलन, जामीन म्हणून अडकवून ठेवावे लागते; यालाच स्टेकिंग म्हणतात. लिक्विड स्टेकिंगमध्ये आपण इथर एका स्मार्ट कॉन्ट्रॅक्टकडे, म्हणजे इथेरियमवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमकडे, सोपवतो, ते व्हॅलिडेटरमार्फत स्टेक केले जाते आणि त्याच्या बदल्यात आपल्या वॉलेटमध्ये एक टोकन येते. लिडोचे टोकन एसटीईटीएच, रॉकेट पूलचे आरईटीएच. हे टोकन विकता येते, दुसऱ्याला पाठवता येते, तारणही ठेवता येते.

आपल्याकडील शेतकऱ्याला ही रचना परकी वाटणार नाही. कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेत सोयाबीन किंवा तूर बाजार समितीच्या गोदामात राहते आणि त्या मालावर शेतकऱ्याला किमतीच्या काही टक्के रक्कम कर्जाऊ मिळते. लिक्विड स्टेकिंगचे टोकन हे गोदामाच्या पावतीसारखे आहे. पावतीला मोल असते ते गोदामात माल खरोखर असतो आणि तो ठरल्या रीतीने परत मिळतो म्हणून. या पानावरील बहुतेक अवघड प्रश्नांची उत्तरे शेवटी याच ठिकाणी येऊन पोहोचतात: आपल्या हातात इथर नसून इथरवरचा हक्क आहे, आणि त्या हक्काचे इथर करण्याच्या वाटा त्या क्षणी किती मोकळ्या आहेत, यावर सारे अवलंबून असते.

२. परतावा येतो कुठून? नव्या लोकांच्या पैशातून जुन्यांना देतात, असे तर नाही?

नाही. परताव्याचे दोन उगम आहेत आणि दोन्ही साखळीवर, म्हणजे इथेरियमच्या सार्वजनिक नोंदवहीत, कोणालाही पाहता येतात. पहिला उगम म्हणजे नेटवर्क स्वतः निर्माण करत असलेले नवे इथर. ते व्हॅलिडेटरना मतदान केल्याबद्दल आणि ब्लॉक मांडल्याबद्दल मिळते. दुसरा उगम म्हणजे वापरकर्त्यांनी व्यवहार लवकर व्हावा म्हणून दिलेली जादा बक्षिसी आणि ब्लॉकमधील व्यवहारांचा क्रम लावण्यातून होणारी कमाई. मूळ शुल्क मात्र व्हॅलिडेटरला मिळत नाही. ऑगस्ट २०२१ पासून ते जाळून टाकले जाते.

नव्या इथरची एकूण निर्मिती स्टेक झालेल्या इथरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे स्टेक चौपट झाला, तर या उगमातून मिळणारा दर निम्मा होतो. स्टेक करणाऱ्यांची संख्या वाढत गेली तसा वार्षिक दर घटून अलीकडे ३ टक्क्यांच्या आसपास का राहू लागला, याचे मुख्य कारण हेच. कोणी इथरवर नुसत्या स्टेकिंगमधून वर्षाला १५ टक्के देतो म्हणत असेल, तर उरलेले टक्के दुसऱ्याच कशातून येत आहेत आणि ते कशातून, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

३. माझ्याकडे ३२ इथर नाहीत. मला कोणते मार्ग आहेत?

स्वतःचा व्हॅलिडेटर चालवायला किमान ३२ इथर, सतत चालू राहणारा संगणक आणि खात्रीचे इंटरनेट लागते. मे २०२५ च्या पेक्ट्रा सुधारणेनंतर एका व्हॅलिडेटरमध्ये २,०४८ इथरपर्यंत रकमेवर परतावा मिळू शकतो, पण किमान मर्यादा ३२ च राहिली आहे.

त्याहून कमी इथर असेल, तर एक मार्ग एक्सचेंजवरील स्टेकिंगचा आणि दुसरा लिक्विड स्टेकिंगचा. एक्सचेंजवर सारे सोपे असते, मात्र वॉलेटच्या गुप्त चाव्या त्यांच्याकडे राहतात आणि एक्सचेंजने व्यवहार थांबवले, की आपणही थांबतो. लिक्विड स्टेकिंगमध्ये टोकन आपल्या वॉलेटमध्ये असते, पण स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमधील दोषाची आणि चाव्या सांभाळण्याची जोखीम आपल्याकडे येते. लिडो मिळालेल्या परताव्यातून १० टक्के शुल्क कापून घेते. म्हणजे मूळ परतावा ३ टक्के असेल, तर हाती २.७ टक्के पडतात. आमचे मत विचाराल तर सीड फ्रेज, म्हणजे वॉलेट उघडणारी गुप्त शब्दमालिका, कागदावर लिहून नीट जपण्याची सवय लागलेली नाही तोवर दुसऱ्या मार्गाची घाई करू नये.

४. माझे एसटीईटीएच रोज थोडे वाढते, पण मित्राचे रॅप्ड एसटीईटीएच तेवढेच राहते. त्याला परतावा मिळत नाही का?

त्यालाही तेवढाच मिळतो. दाखवण्याची पद्धत वेगळी आहे. एसटीईटीएचमध्ये परतावा शिल्लक वाढवून दिला जातो: लिडोचे ओरॅकल, म्हणजे बाहेरची माहिती कॉन्ट्रॅक्टना पुरवणाऱ्या यंत्रणा, दिवसातून एकदा, सर्वसाधारणपणे भारतीय वेळेनुसार संध्याकाळी साडेपाचनंतर, व्हॅलिडेटरच्या शिलकेचा अहवाल साखळीवर देतात आणि त्यानुसार प्रत्येक धारकाची शिल्लक बदलते. रॅप्ड एसटीईटीएचमध्ये टोकनांची संख्या स्थिर राहते आणि एका टोकनामागचे एसटीईटीएच वाढत जाते.

समजा, विनिमय दर १.२० असताना मित्राने १२ एसटीईटीएच गुंडाळले, म्हणजेच रॅप केले, तर त्याला १० रॅप्ड टोकन मिळतील. पुढे दर १.२३ झाला, की तेच १० टोकन उलगडल्यावर १२.३ एसटीईटीएच हाती येतील. आरईटीएचची पद्धतही अशीच, वाढत्या दराची आहे.

हा भेद केवळ दिसण्यापुरता नाही. अनेक डीफाय कॉन्ट्रॅक्टना आपोआप बदलणारी शिल्लक हाताळता येत नाही आणि अशा ठिकाणी एसटीईटीएच ठेवल्यास रोजची वाढ कॉन्ट्रॅक्टमध्येच अडकून राहू शकते. डीफायमध्ये तारण ठेवायचे असेल किंवा दुसऱ्या साखळीवर न्यायचे असेल, तर रॅप्ड रूपच वापरावे. कराच्या नोंदींवरही या निवडीचा परिणाम होतो. त्यासाठी प्रश्न १४ पाहा.

५. एक एसटीईटीएच म्हणजे एक इथर असे सांगतात. मग बाजारात भाव कमी का दिसतो?

प्रोटोकॉलमधून, म्हणजे थेट लिडोकडून, परत घेताना एका एसटीईटीएचला एक इथर मिळते, पण त्यासाठी थांबावे लागते. बाजारात मात्र थांबावे लागत नाही. ज्याला आजच इथर हवे असते तो थोडा वटाव सोसून विकतो. रांग जितकी लांब आणि विकणारे जितके घाईत, तितका वटाव मोठा.

याचा सर्वांत बोलका दाखला जून २०२२ चा आहे. त्या वेळी स्टेक केलेले इथर प्रोटोकॉलमधून काढण्याची सोयच सुरू झालेली नव्हती, त्यामुळे बाहेर पडण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे बाजार. आणि त्यातही मोठा भार कर्व्ह या अदलाबदलीच्या प्रोटोकॉलवरील एका पूलवर, म्हणजे टोकनांच्या सामायिक साठ्यावर, होता. मे महिन्यात टेरा ही क्रिप्टो साखळी कोसळल्यानंतर मोठ्या धारकांना रोख हवी झाली, पूलमधले इथर आटत गेले, सेल्सियस या कर्जदात्या कंपनीने १२ जूनला ग्राहकांचे पैसे काढणे थांबवले आणि थ्री ॲरोज कॅपिटलसारखे फंड मिळेल त्या भावात विकू लागले. एसटीईटीएचचा भाव सुमारे ०.९४ इथरपर्यंत उतरला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की त्या काळात व्हॅलिडेटरमधले इथर जागच्या जागी होते. ज्यांच्यावर कर्ज नव्हते आणि जे थांबू शकले, त्यांचे या वटावाने काही नुकसान झाले नाही. ज्यांना थांबता आले नाही, त्यांचे झाले.

१२ एप्रिल २०२३ च्या शापेला सुधारणेने पैसे काढण्याची सोय आली आणि मे २०२३ मध्ये लिडोनेही ती खुली केली. तेव्हापासून वटाव वाढला, की कोणीतरी स्वस्तात एसटीईटीएच घेऊन प्रोटोकॉलकडून पूर्ण इथर वसूल करतो आणि भाव पुन्हा जागेवर येतो.

६. इथर परत मिळायला किती दिवस लागतात?

नेटवर्कच्या रांगेवर अवलंबून आहे. शांत काळात लिडोकडे मागणी नोंदवल्यावर एक ते पाच दिवसांत इथर मिळते, कारण रोज नव्याने येणाऱ्या इथरमधूनही मागण्या भागवल्या जातात. गर्दीच्या काळात मात्र खरोखर व्हॅलिडेटर बंद करावे लागतात आणि त्यांच्या बाहेर पडण्यावर इथेरियमने जाणीवपूर्वक मर्यादा घातली आहे: पेक्ट्रानंतरच्या नियमानुसार एका इपॉकमध्ये, म्हणजे ६.४ मिनिटांत, जास्तीत जास्त २५६ इथर बाहेर पडू शकते. दिवसाचे २२५ इपॉक धरले, तर ही मर्यादा ५७,६०० इथर होते. सप्टेंबर २०२५ मध्ये एका मोठ्या स्टेकिंग कंपनीने सुरक्षेच्या कारणास्तव आपले सारे व्हॅलिडेटर एकदम बाहेर काढायला घेतले, तेव्हा रांगेत २५ लाखांहून अधिक इथर उभे राहिले आणि वाट पाहण्याचा काळ चाळीस दिवसांच्या पलीकडे गेला.

मागणी नोंदवल्यावर लिडो एक एनएफटी, म्हणजे एकमेव असे टोकन, देते. तीच आपल्या मागणीची नोंद. ती विकता किंवा पाठवता येते, म्हणून तिलाही टोकनाइतकेच जपावे. रांगेत असताना परतावा मिळत नाही, पण त्या काळात मोठे स्लॅशिंग झाले तर मिळणारी रक्कम कमी होऊ शकते. इथर तयार झाल्यावर ते आपोआप वॉलेटमध्ये येत नाही, स्वतः जाऊन क्लेम करावे लागते. “महिना झाला, पैसे आले नाहीत” अशा तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा ही शेवटची पायरी राहिलेली असते.

७. हे टोकन डीफायमध्ये ‘लावतात’ म्हणजे काय करतात?

मुख्यतः दोन गोष्टी. एक, आवेसारख्या कर्ज प्रोटोकॉलमध्ये टोकन तारण ठेवून त्यावर यूएसडीसीसारखे डॉलरशी जोडलेले टोकन किंवा इथर कर्जाऊ घेतात. दोन, कर्व्हसारख्या ठिकाणी इथर व एसटीईटीएच यांची जोडी पूलमध्ये ठेवून अदलाबदलीच्या शुल्कातला वाटा घेतात.

दुसऱ्या प्रकारात एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. घबराटीत सारे जण एसटीईटीएच देऊन इथर नेतात, त्यामुळे पूलमध्ये पैसे ठेवणाऱ्याच्या वाट्याला इथर कमी आणि एसटीईटीएच जास्त उरते. अडचणीच्या दिवशी बाकीच्यांना बाहेर पडायला वाट देण्याचे काम आपण करत असतो आणि शुल्क मिळते ते त्याचेच. हे मान्य असेल तरच पूलमध्ये उतरावे.

८. तारण ठेवले तर लिक्विडेशन, म्हणजे कर्जापोटी तारण जाणे, कधी होते? एसटीईटीएचचा भाव घसरला की लगेच?

कर्ज कशात घेतले आहे आणि ओरॅकल कोणता भाव वाचतो, यावर उत्तर बदलते.

कर्ज डॉलर टोकनात असेल, तर खरा धोका इथरच्या भावाचा. समजा, तारणात १० इथर मोलाचे रॅप्ड एसटीईटीएच आहे, इथरचा भाव २ लाख रुपये आहे आणि आपण १२ लाख रुपयांइतके यूएसडीसी घेतले. लिक्विडेशनची मर्यादा ८० टक्के धरली, तर २० लाखांच्या तारणावर ती १६ लाख होते, म्हणजे हेल्थ फॅक्टर, मर्यादा आणि कर्ज यांचे गुणोत्तर, १६ भागिले १२, सुमारे १.३३. इथर दीड लाखावर आला, की तारण १५ लाखांचे, मर्यादा १२ लाखांची आणि हेल्थ फॅक्टर बरोबर १. त्याखाली उतरल्यावर कोणीही आपले कर्ज अंशतः फेडून तारणातला वाटा सवलतीसह उचलू शकतो. भावात २५ टक्के घसरण ही इथरच्या बाबतीत दुर्मीळ घटना नाही.

कर्ज इथरमध्येच असेल, तर इथरचा भाव दोन्ही बाजूंना सारखाच लागू होतो आणि प्रश्न उरतो तो एसटीईटीएच व इथर यांच्या परस्पर भावाचा. आवेच्या तिसऱ्या आवृत्तीत रॅप्ड एसटीईटीएचचे मोल बाजारातल्या वटावावरून न ठरवता प्रोटोकॉलचा विनिमय दर आणि इथरचा भाव यांच्या गुणाकारावरून ठरवले जाते. त्यामुळे तासाभराच्या वटावाने कोणाचे तारण जात नाही. सर्वच प्रोटोकॉल असे करत नाहीत. तारण ठेवण्यापूर्वी त्या बाजारपेठेचा ओरॅकल कोणता भाव वाचतो ते तिच्या दस्तऐवजात पाहणे, हे व्याजदर पाहण्याइतकेच आवश्यक आहे.

९. ‘लूपिंग’ करून परतावा दुप्पट-तिप्पट होतो असे व्हिडिओ दिसतात. ते खरे आहे का?

गणित खरे आहे, पण अर्धेच सांगितले जाते. एसटीईटीएच तारण ठेवायचे, इथर कर्जाऊ घ्यायचे, त्याचे पुन्हा एसटीईटीएच करायचे आणि तेही तारण ठेवायचे, अशा फेऱ्या म्हणजे लूपिंग.

स्वतःचे १० इथर आहेत आणि फेऱ्या करून तारण ५० व कर्ज ४० झाले, असे धरू. स्टेकिंगचा दर ३ टक्के आणि कर्जाचा २.५ टक्के असताना वर्षाला १.५ इथर मिळतात, १ इथर व्याजात जाते आणि निव्वळ ०.५ उरते, म्हणजे स्वतःच्या भांडवलावर ५ टक्के. आता कर्जाचा दर ५ टक्के झाला, तर व्याज २ इथर होते आणि वर्षाकाठी ०.५ इथरचा तोटा. कर्जाचा दर ठरीव नसतो. पूलमधून एखाद्या मोठ्या ठेवीदाराने इथर काढले, की तो काही तासांत चढतो. जुलै २०२५ मध्ये आवेवर नेमके असेच झाले: मोठी रक्कम बाहेर गेली, इथरचे व्याज स्टेकिंगच्या दराच्या वर गेले आणि लूप केलेले सारे एकाच वेळी बाहेर पडायला धावले.

बाहेर पडतानाचा हिशेबही करून पाहावा. एसटीईटीएच २ टक्के वटावाने विकून ४० इथरचे कर्ज फेडायचे, तर ४०.८ एसटीईटीएच लागते. हाती उरते ९.२. म्हणजे २ टक्क्यांच्या वटावाने भांडवलाचे ८ टक्के गेले, आणि रांगेत थांबायचे ठरवले तर तोवर चढ्या दराने व्याज भरत राहावे लागते. दर रोज पाहणे ज्यांना शक्य नाही, अशा नोकरदार वाचकांनी लूपिंग करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१०. स्लॅशिंग झाले तर माझे इथर बुडेल का?

व्हॅलिडेटरने एकाच वेळी दोन परस्परविरोधी मते दिली किंवा एकाच जागेसाठी दोन ब्लॉक मांडले, तर त्याचे इथर दंडापोटी कापले जाते आणि त्याला बाहेर काढले जाते, हे स्लॅशिंग. संगणक बंद पडणे हा स्लॅशिंगचा गुन्हा नाही. त्यात साधारण जितका परतावा मिळाला असता तितकाच दंड लागतो.

लिक्विड स्टेकिंगमध्ये हा तोटा सर्व धारकांत वाटला जातो. ऑक्टोबर २०२३ मध्ये लिडोच्या एका नोड चालकाचे, म्हणजे लिडोसाठी व्हॅलिडेटर चालवणाऱ्याचे, २० व्हॅलिडेटर स्लॅश झाले, तेव्हा सुरुवातीचा दंड प्रत्येकी सुमारे १ इथर होता. लाखो इथरच्या साठ्यात तो सामान्य धारकाला जाणवण्याइतका नव्हता. पेक्ट्रानंतर हा सुरुवातीचा दंड व्हॅलिडेटरच्या शिलकेच्या ४,०९६ व्या भागावर आला आहे. मात्र एकाच काळात खूप व्हॅलिडेटर स्लॅश झाले, तर त्या प्रमाणात दंड वाढत जातो आणि अगदी टोकाच्या स्थितीत सारी शिल्लक जाऊ शकते. म्हणून एखाद्या प्रोटोकॉलचे चालक किती आहेत, ते कोणत्या देशांत आहेत आणि सगळे एकच क्लायंट सॉफ्टवेअर तर वापरत नाहीत ना, हे पाहणे महत्त्वाचे.

११. लिडोकडे इतका मोठा हिस्सा आहे, याची काळजी करावी का?

करावी, आणि इथेरियमचे अनेक विकासक ती वर्षानुवर्षे करत आले आहेत. एकूण स्टेकच्या एक-तृतीयांशाहून अधिक हिस्सा एकत्र आला, तर तो नेटवर्कवरील व्यवहारांची अंतिमता, म्हणजे ते कायमचे पक्के होणे, अडवू शकतो. दोन-तृतीयांश असेल, तर अंतिम काय ते तोच ठरवू शकतो. लिडोचा हिस्सा एके काळी ३२ टक्क्यांच्या जवळ गेला होता आणि २०२५ मध्ये तो २५ टक्क्यांच्या खाली आला. जून २०२२ मध्ये स्वतःवर मर्यादा घालून घ्यावी का, यावर लिडोच्या टोकनधारकांनी मतदान केले आणि ९९ टक्क्यांहून अधिक मते मर्यादेच्या विरोधात पडली.

लिडोचे बळ एका संगणकाकडे किंवा एका कंपनीकडे नाही, ते अनेक चालकांत विभागलेले आहे, हे खरे. परंतु हे चालक निवडण्याचा आणि कॉन्ट्रॅक्ट बदलण्याचा अधिकार एलडीओ या लिडोच्या मतदानाच्या टोकनाच्या धारकांकडे आहे आणि ज्यांचे इथर आत आहे ते एसटीईटीएचधारक वेगळे आहेत. या विसंगतीवर उपाय म्हणून २०२५ च्या मध्यापासून दुहेरी शासनव्यवस्था लागू झाली: पुरेशा एसटीईटीएचधारकांनी आक्षेप नोंदवल्यास निर्णय लांबणीवर पडतो आणि आक्षेप आणखी वाढल्यास त्यांना बाहेर पडेपर्यंत तो अमलात येत नाही. ही सुधारणा आम्हाला मोलाची वाटते. तरीही सारे इथर एकाच प्रोटोकॉलमध्ये ठेवू नये. रॉकेट पूलसारख्या, कोणालाही चालक होऊ देणाऱ्या पर्यायाला काही वाटा देणे स्वतःच्या आणि नेटवर्कच्याही हिताचे आहे.

१२. रीस्टेकिंगच्या टोकनांना हीच उत्तरे लागू होतात का?

पूर्णपणे नाही. आयगनलेअरसारख्या व्यवस्थेत तेच स्टेक केलेले इथर आणखी काही सेवांसाठीही जामीन ठेवले जाते, त्यामुळे दंडाची कारणे वाढतात आणि परत घेण्याच्या वाटेत आणखी एक प्रतीक्षा येते. २४ एप्रिल २०२४ रोजी रेन्झोच्या ईझेडईटीएच टोकनाचा भाव काही काळ अत्यंत खाली कोसळला आणि लूप केलेल्यांची तारणे गेली. प्रोटोकॉलमधून पैसे काढण्याची सोय तेव्हा सुरू झालेली नव्हती. प्रश्न ५ मधील जून २०२२ ची कथा आणि ही कथा शेजारी ठेवून वाचाव्यात. परत घेण्याची सोय आज, प्रत्यक्षात चालू आहे का, हा रीस्टेकिंग टोकन घेण्यापूर्वीचा पहिला प्रश्न असावा.

१३. माझे रॅप्ड एसटीईटीएच लेअर-२ वर आहे. तेथूनच इथर परत घेता येईल का?

लेअर-२ म्हणजे इथेरियमला जोडलेल्या, स्वस्तात व्यवहार करणाऱ्या साखळ्या. तेथील टोकन बहुतेक वेळा आधी मुख्य इथेरियमवर आणावे लागते. आर्बिट्रम, ऑप्टिमिझम, बेस अशा साखळ्यांच्या अधिकृत ब्रिजवरून, म्हणजे टोकन एका साखळीवरून दुसरीवर नेणाऱ्या सेवेवरून, परत येताना सुमारे सात दिवसांचा आक्षेपकाळ असतो. त्यानंतर प्रश्न ६ मधील रांग सुरू होते. घाई असेल तर तेथील बाजारात विकावे लागते. खासगी ब्रिज वेळ वाचवतात, पण त्या ब्रिजच्या कॉन्ट्रॅक्टची जोखीम वाढवतात.

याला जोडून येणारा प्रश्न म्हणजे एखाद्या साखळीवरील सेवाच बंद झाली तर काय. लिडोने सोलानावरील सेवा २०२३ मध्ये आणि पॉलिगॉनवरील सेवा २०२४ च्या अखेरीस गुंडाळण्याचे ठरवले. दोन्ही वेळी धारकांना बाहेर पडण्यासाठी मुदत मिळाली, पण मुदतीनंतर संकेतस्थळाचा सोपा मार्ग बंद झाला आणि थेट कॉन्ट्रॅक्टशी व्यवहार करण्याची वेळ आली. म्हणून ज्या प्रोटोकॉलमध्ये पैसे आहेत, त्याच्या घोषणा महिन्यातून एकदा तरी पाहाव्यात.

१४. भारतात राहणाऱ्याला यावर कर कसा लागतो?

१ एप्रिल २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरणातील नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर लागतो. खरेदीची किंमत सोडून दुसरा कोणताही खर्च वजा होत नाही, म्हणजे गॅस, अर्थात नेटवर्कचे व्यवहार शुल्क, हेही नाही. एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वळता करता येत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. १ लाखाला घेतलेले इथर २ लाखांना विकले, तर कर ३१,२०० रुपये.

रुपये हाती आले नाहीत तरी कर लागू शकतो, कारण एका टोकनाच्या बदल्यात दुसरे घेणे हेही हस्तांतरण आहे. बाजारातून इथर देऊन एसटीईटीएच घेतले, तर ही तरतूद लागू होते. प्रोटोकॉलमध्ये थेट स्टेक करून टोकन मिळवणे आणि रॅप करणे यांचा कायद्यात वेगळा उल्लेख नाही, त्यामुळे सावध सल्लागार त्यांनाही हस्तांतरण धरून हिशेब मांडतात. स्टेकिंगच्या परताव्याबाबतही अनेक सल्लागार हाच सावध मार्ग सुचवतात: मिळाला त्या दिवशीच्या मोलाने तो इतर उत्पन्नात दाखवायचा आणि पुढे विकताना तेच मोल खरेदी किंमत धरायचे. रोज वाढणाऱ्या एसटीईटीएचमध्ये यामुळे वर्षाला ३६५ नोंदी होतात. लिक्विडेशनमध्ये तारण गेले, तर एकूण तोटा होऊनही त्या हस्तांतरणावर कर मोजण्याची वेळ येऊ शकते. लूपिंगच्या व्हिडिओंत हा मुद्दा कधीच नसतो.

१ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएसही आहे. भारतीय एक्सचेंज तो स्वतः कापते. टोकनाच्या बदल्यात टोकन असा व्यवहार एक्सचेंजशिवाय झाला, तर दोन्ही बाजूंवर जबाबदारी येते. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम, २०२५ लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत; त्या तारखेनंतरच्या उत्पन्नाचे विवरणपत्र भरताना जुन्या लेखांतील क्रमांक वापरू नयेत. रक्कम मोठी असेल, तर डीफायचे हिशेब पाहिलेल्या सनदी लेखापालाकडेच जावे.

१५. मी अमेरिकेत राहतो. मला वरचे नियम लागतात का?

भारताच्या करकायद्यानुसार आपण अनिवासी असाल, तर स्टेकिंगचे उत्पन्न प्रामुख्याने राहत्या देशाच्या नियमांनी मोजले जाते. अमेरिकेच्या महसूल खात्याने २०२३ च्या एका निर्णयात स्पष्ट केले आहे, की स्टेकिंगचा परतावा ज्या वर्षी आपल्या ताब्यात येतो, त्या वर्षीच्या उत्पन्नात धरावा. लिक्विड स्टेकिंगचे टोकन हे रोखे ठरतात का, यावर तेथील रोखे आयोगाच्या विभागाने ऑगस्ट २०२५ मध्ये निवेदन काढले आणि त्यात वर्णन केलेल्या पद्धतीने चालणारे लिक्विड स्टेकिंग रोख्यांच्या विक्रीत मोडत नाही, असे मत दिले. ते त्या विभागाचे मत आहे, कायदा नव्हे. त्या वर्षी भारतात किती दिवस राहिलात यावर निवासी दर्जा बदलू शकतो, हे गावी लांब मुक्काम करणाऱ्यांनी विसरू नये.

१६. फसवणूक ओळखायची कशी?

लिडोच्या किंवा आवेच्या नावाने शोध घेतल्यावर सर्वांत वर येणारी जाहिरात अनेकदा बनावट संकेतस्थळाची असते. पत्ता एकदा खात्रीने तपासून बुकमार्क करावा आणि नंतर त्यावरूनच जावे. टोकन नावावरून ओळखू नये, कॉन्ट्रॅक्टच्या पत्त्यावरून ओळखावे; एसटीईटीएच नावाचे टोकन कोणीही तयार करू शकतो. वॉलेटने परवानगी मागितली, की रकमेचा आकडा वाचावा. अमर्याद परवानगी दिलेली असेल, तर काम झाल्यावर ती काढून टाकावी, कारण ती मिळालेला कॉन्ट्रॅक्ट पुढे दोषपूर्ण निघाला, तर वॉलेटमधले ते टोकन त्याच्या आवाक्यात असते. टेलिग्रामवर स्वतःहून मदतीला येणारा ‘सपोर्ट’ कधीही खरा नसतो. सीड फ्रेज कोणालाही, कोणत्याही कारणासाठी देऊ नये.

१७. वॉलेटधारकाचा मृत्यू झाला तर घरच्यांना हे इथर मिळते का?

बँकेसारखे नामनिर्देशन येथे नाही. वारसा हक्काचा दाखला न्यायालयातून मिळाला, तरी चावी नसेल तर टोकन हलवता येत नाही आणि लिडोकडे अर्ज करूनही ते देऊ शकत नाहीत. मृत्युपत्रात मालमत्तेचा उल्लेख करावा, पण सीड फ्रेज त्यात लिहू नये, कारण मृत्युपत्र अनेकांच्या हातांतून जाते. सीड फ्रेज वेगळ्या सुरक्षित जागी, उदाहरणार्थ बँकेच्या लॉकरमध्ये, ठेवावी आणि ती जागा विश्वासातल्या एका व्यक्तीला सांगून ठेवावी.

डीफायमध्ये कर्ज असेल, तर एवढ्याने भागत नाही. वारस कागदपत्रांची जुळवाजुळव करत असताना व्याज चढत राहते आणि हेल्थ फॅक्टर घसरत राहतो. म्हणून कोणत्या साखळीवर, कोणत्या प्रोटोकॉलमध्ये किती तारण आणि किती कर्ज आहे, रांगेत एखादी न क्लेम केलेली एनएफटी आहे का, आणि कर्ज फेडून बाहेर कसे पडायचे, हे पायरीपायरीने लिहिलेले टिपण सीड फ्रेजपासून वेगळे ठेवावे आणि दर बदलानंतर त्यात दुरुस्ती करावी.